बाबांच्या सत्तरीला इराणी जेवण: फेसेन्जान, तहदीग आणि शोले जर्द घरी कसं करावं

आजवर न केलेलं परक्या देशाचं जेवण कुणाच्या वाढदिवसाला करायचं ठरलं, की पहिल्या उत्साहात आठ-दहा पदार्थांची यादी होते. ती यादी आधी कापा. एक मुख्य कालवण, एक भात, एक गोड आणि दोन न शिजवायच्या बाजू, एवढंच ठेवा. सगळी मेहनत कालवण आणि भात या दोघांवर घाला. नवख्या हातांनी दहा पदार्थ केले तर दहाही अर्धवट होतात आणि ज्याचा वाढदिवस आहे त्याच्याजवळ बसायला आपल्याला वेळच उरत नाही.

कुठलं जेवण करायचं हे ठरवताना इंटरनेटवर काय छान दिसतं ते पाहू नका, खाणाऱ्याच्या आयुष्याशी कशाचा धागा आहे ते शोधा. आमचे बाबा सत्तरच्या दशकात पुण्यात शिकत होते. त्या काळी पुण्यातल्या कॉलेजांत इराणी विद्यार्थी बरेच असत. बाबांच्या खोलीवर असाच एक मित्र राहायचा आणि त्याच्या हातच्या भाताची आठवण बाबा अजून काढतात. त्यामुळे त्यांच्या सत्तरीला काय करायचं याचा फार विचार करावा लागला नाही.

इराणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बन-मस्का, खिमा-पाव आणि कडक चहा येतो. ही चव याझ्द आणि केरमानकडून आलेल्या इराण्यांनी मुंबई-पुण्यात घडवली, ती इथलीच आहे. इराणमधल्या घरचं जेवण वेगळं असतं. तिखट जवळजवळ नाही. आंबट-गोड चव, केशर, सुकामेवा आणि मूठमूठभर हिरवा पाला. दोन्हींना जोडणारा पदार्थ चाखायचा असेल तर बॅलार्ड इस्टेटमधल्या १९२३ सालच्या ब्रिटानियाचा बेरी पुलाव खाऊन बघा. त्यातली लालचुटुक आंबट बेरी म्हणजे इराणची झेरेश्क.

खालची मापं सहा माणसांसाठी आहेत. बेत असा: फेसेन्जान, म्हणजे अक्रोड आणि डाळिंबाच्या दाट रसातली कोंबडी, चेलो, म्हणजे साधा मोकळा भात, आणि त्याच्या तळाची कुरकुरीत तहदीग, काकडीचं दही, शिराझी सलाड, आणि गोडाला केशराची शोले जर्द. इराणमध्येही वाढदिवसाला केक कापतात. शोले जर्द तिकडे बहुतेक नवसाची, शेजारीपाजारी वाटायची म्हणून होते, पण तिच्यावर दालचिनीच्या पुडीने अक्षरं काढायची पद्धत आहे, त्यामुळे वाढदिवसाला ती फार शोभते. फेसेन्जान तर खास दिवसांचंच. याल्दाच्या रात्री, म्हणजे डिसेंबरातल्या सर्वांत मोठ्या रात्री, आणि लग्नकार्यात ते हमखास असतं.

सामान: कुठे पैसे घालायचे, कुठे नाही

अक्रोड ३०० ग्रॅम लागतील. बंद पाकीट घेण्याऐवजी जिथे एक तुकडा चाखू देतात तिथून घ्या. अक्रोडातलं तेल लवकर खवट होतं आणि खवट अक्रोडाचं फेसेन्जान साखरेने, लिंबाने, कशानेही सुधारत नाही. जिभेवर तेलाच्या जुन्या डब्यासारखी चव आली तर दुकान बदला. आणलेले अक्रोड वापरेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा. पाहुण्यांपैकी कुणाला सुक्यामेव्याची अ‍ॅलर्जी आहे का, हे आमंत्रण देतानाच विचारा, कारण या जेवणात अक्रोड लपवता येत नाहीत.

केशर एक ग्रॅम पुरतं. गुलाबपाणी खाण्याचंच हवं. चेहऱ्याला लावायच्या गुलाबपाण्याच्या बाटल्या तशाच दिसतात, लेबल वाचून घ्या. तांदूळ जुना, लांब दाण्याचा बासमती. इथे परदेशी तांदळाच्या मागे लागायची गरज नाही. इराण कित्येक वर्षं भारतीय बासमतीचा मोठा गिऱ्हाईक राहिला आहे, तिथल्या कितीतरी घरांत आपलाच तांदूळ शिजतो. सुका पुदिना विकत मिळतो, पण चार-पाच दिवस आधी पुदिन्याची जुडी निवडून सावलीत पसरून ठेवलीत तर घरचा जास्त वासाचा होतो.

राहिला डाळिंबाचा आटवलेला रस. बाटलीतला मिळतो, पण घटक वाचा. काही बाटल्यांत डाळिंबापेक्षा साखरेचा पाक आणि सायट्रिक अ‍ॅसिडच जास्त असतं. आपल्याकडे सोलापूरची डाळिंबं असताना घरी करणं मला जास्त पटतं.

डाळिंबाचा रस आटवणं (चार-पाच दिवस आधी)

साधारण दहा मोठी डाळिंबं सोला. दाणे मिक्सरमध्ये अगदी दोन-तीन झटके देऊन फिरवा. जास्त फिरवलं तर आतल्या बिया भरडल्या जातात आणि रसाला तुरट-कडू चव येते. गाळणीतून दाबून रस काढा, एक लिटरच्या आसपास निघेल.

आता एक महत्त्वाची गोष्ट. आपल्या बाजारातलं भगवा डाळिंब गोड असतं, आणि इराणी स्वयंपाकात हा रस मुळात आंबटपणासाठी असतो. म्हणून साखर अजिबात घालू नका, उलट पाव कप लिंबाचा रस घाला. रुंद स्टीलच्या पातेल्यात, झाकण न ठेवता, मध्यम आचेवर तास-सव्वा तास आटवा. साध्या अ‍ॅल्युमिनियमचं किंवा लोखंडाचं भांडं नको, आंबटाने धातूची चव उतरते. एका लिटराचा साधारण एक कप व्हायला हवा. चमच्याच्या पाठीवर पातळसा थर राहायला लागला की गॅस बंद करा. गरम असताना सैल वाटतो, गार झाल्यावर दाटतो. कढईतच मधासारखा होईपर्यंत थांबलात तर सकाळी बरणीत दगड सापडेल. काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा.

फेसेन्जान (आदल्या दिवशी)

हे कालवण दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, त्यामुळे वाढदिवसाच्या दिवशी ते फक्त गरम करायचं. वेळ तीन तास धरा. त्यातला बराचसा वेळ अधूनमधून ढवळण्याचा आहे.

अक्रोड मंद आचेवर पाच मिनिटं कोरडेच परता. वास सुटला की उतरवा, लाल करू नका. गार झाल्यावर मिक्सरमध्ये थोडे थोडे घालून शेंगदाण्याच्या कुटापेक्षा बारीक वाटा. जाड बुडाच्या पातेल्यात हे कूट आणि चार कप गार पाणी एकत्र करून उकळी आणा, मग आच अगदी बारीक करा आणि तासभर शिजू द्या. कूट तळाशी बसतं आणि लागतं, म्हणून पाच-सात मिनिटांनी तळापासून उलथन्याने ढवळायचंच. मधे एक-दोनदा बर्फाचे तीन-चार खडे टाका. गार-गरम होऊन अक्रोडाचं तेल लवकर सुटतं, ही इराणी घरांतली नेहमीची युक्ती आहे.

पहिला अर्धा तास हे मिश्रण पाहून कुणालाही शंका येईल. रंग राखाडी, वर फिकट फेस, चव कच्च्या पिठाची. त्याला त्याच्या वेळेवर सोडा. तासाच्या आसपास कडेने तपकिरी तेलाचे बारीक ठिपके दिसू लागतात, हळूहळू ते एकमेकांत मिसळतात आणि वास एकदम बदलतो. ते तेल दिसेपर्यंत पुढे जायचं नाही.

तोवर दुसऱ्या गॅसवर दोन मोठे कांदे बारीक चिरून तेलात सोनेरी परता, अर्धा चमचा हळद घाला, आणि सवा किलो कोंबडीचे हाडासकट मोठे तुकडे, शक्यतो तंगड्या-मांड्या, त्यात दोन्ही बाजूंनी परतून घ्या. छातीचे तुकडे एवढ्या वेळात चोथा होतात. अक्रोडाला तेल सुटलं की कोंबडी, पाऊण कप डाळिंबाचा आटवलेला रस आणि दीड चमचा मीठ त्यात घाला. पुन्हा बारीक आच, पाऊण तास ते तास, झाकण अर्धवट. शेवटी रंग जवळजवळ काळपट चॉकलेटी होतो, रस चमच्यावर जाड बसतो आणि वर तेलाचा तवंग येतो. मग दोन चमचे केशराचं पाणी घालायचं. ते कसं करायचं ते भाताच्या भागात आहे.

चव आता ठरवायची. कास्पियन समुद्राकाठच्या गीलान प्रांतात, जिथलं हे कालवण मानलं जातं, ते आंबट आवडतं आणि तिथे बदकही वापरतात. तेहरानकडे थोडं गोड करतात. चमचाभर साखर घालून चाखा, मग लागली तर आणखी. आधी आंबट लागावं आणि मागून अक्रोडाचा तेलकट गोडवा यावा.

याच टप्प्यावर घरातलं कुणीतरी स्वयंपाकघरात येतं. आमच्याकडे आई आली, बोटाने चाखलं आणि म्हणाली, "अगं, छान आहे, पण चिमूटभर तिखट आणि गरम मसाला टाक की. एवढं आळणी कोण खाणार?" मी म्हटलं, "आई, आज मिसळणाचा डबा बंद. उद्या भाताबरोबर खा आणि मग सांग." परक्या जेवणात हाच सर्वांत अवघड भाग असतो, आणि याच बाबतीत मी हट्टी आहे. आले-लसूण, जिरे-मोहरीची फोडणी, वरून कोथिंबीर, हे सगळं आपल्या हाताला इतकं सवयीचं आहे की न कळत पडतं. त्यातलं एक जरी पडलं तरी पदार्थ आपला होतो, आणि ज्याच्यासाठी केला त्याला तो ओळखू येत नाही. पहिल्यांदा त्यांच्या पद्धतीने करा. आवडला तर पुढच्या वेळी काय हवं ते बदला.

शाकाहारी घरासाठी रस्सा अगदी असाच करा, फक्त कोंबडीऐवजी लाल भोपळ्याच्या मोठ्या फोडी तेलात बाहेरून खरपूस परतून शेवटच्या वीस मिनिटांत घाला. भोपळा गोड असल्याने साखर वगळा.

शोले जर्द (तीही आदल्या दिवशी)

एक कप आंबेमोहोर तांदूळ दोन तास भिजवून आठ कप पाण्यात मऊ, जवळजवळ विरघळेपर्यंत शिजवा. साखर त्यानंतरच, दीड कप. तांदूळ पूर्ण मऊ व्हायच्या आधी साखर पडली तर दाणा तिथेच अडतो, आपल्या खिरीसारखंच. मग चार चमचे केशराचं पाणी, तीन चमचे लोणी, बदामाचे काप, आणि मंद आचेवर आणखी पंधरा-वीस मिनिटं. अगदी शेवटी पाव कप गुलाबपाणी. मिश्रण सैलसर असतानाच पसरट बाउलमध्ये ओता, गार होताना आवळतं.

पृष्ठभाग पूर्ण गार आणि घट्ट झाल्यावर त्यावर नाव लिहायचं. दालचिनीची पूड मलमलच्या फडक्यातून चाळून घ्या. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत थोडीशी धरून, रांगोळीची रेघ सोडतो तशी सोडत जायचं. हात पृष्ठभागापासून दोन बोटं वर ठेवा. शिरोरेघ आधी ओढलीत तर अक्षरं सरळ येतात. रांगोळीची सवय नसेल तर कागदात नाव कापून तो साचा वर धरा आणि चहाच्या गाळणीतून पूड भुरभुरवा. कडेने पिस्त्याचे काप.

चेलो आणि तहदीग (त्याच दिवशी)

ज्या भाताची बाबा आठवण काढत होते तो हा, आणि सगळ्या बेतात हातखंडा लागतो तोही यालाच. वाढदिवसाच्या आधीच्या आठवड्यात एकदा अर्ध्या मापाने करून पाहाच. आपल्या गॅसची बारीक आच किती बारीक आहे आणि आपलं पातेलं किती वेळात लागतं, हे कुठल्याच कृतीत लिहिलेलं नसतं.

केशर आधी. पाव चमचा केशर चिमूटभर साखरेबरोबर छोट्या खलबत्त्यात अगदी पूड होईपर्यंत कुटा आणि चार मोठे चमचे गरम, पण उकळतं नसलेलं, पाणी घालून झाकून ठेवा. आपण काड्या दुधात टाकतो, त्यापेक्षा कितीतरी जास्त रंग आणि वास यात उतरतो, शिवाय केशर कमी लागतं. फेसेन्जान, शोले जर्द आणि भात, तिन्हींसाठी हीच रीत. आदल्या दिवशी दुप्पट करून ठेवलंत तर चालेल.

तीन कप बासमती चार-पाच पाण्यांनी, पाणी नितळ निघेपर्यंत हलक्या हाताने धुवा आणि दोन मोठे चमचे मीठ घातलेल्या पाण्यात निदान तासभर भिजवा. मोठ्या पातेल्यात तीन लिटर पाणी खळखळ उकळवा, त्यात आणखी दोन मोठे चमचे मीठ घाला. घाबरू नका, हे पाणी फेकायचं आहे. भिजवलेला तांदूळ निथळून त्यात सोडा. चार मिनिटांनंतर दर मिनिटाला एक दाणा काढून चावा. बाहेरून मऊ आणि मधे बारीक कणी लागली की तो क्षण, साधारण सहाव्या-सातव्या मिनिटाला. लगेच चाळणीत ओता आणि कोमट पाणी मारा. इथे एक मिनिट जास्त झालं तर वाफेवर भाताचा गोळा होतो.

आता तहदीग. जाड बुडाचं नॉनस्टिक किंवा हार्ड अ‍ॅनोडाइज्ड पातेलं घ्या, साधारण २४ सेंटिमीटर व्यासाचं. वाडग्यात दीड कप निथळलेला भात, चार चमचे घट्ट दही आणि एक चमचा केशराचं पाणी हलकेच कालवा. पातेल्यात चार मोठे चमचे तेल आणि एक चमचा तूप गरम करा, हे मिश्रण तळाला सगळीकडे सारखं दाबून बसवा. त्यावर उरलेला भात पसा-पसाने, हलका भुरभुरत, मधे उंच डोंगरासारखा रचा. दाबायचा नाही. उलथन्याच्या दांड्याने पाच-सहा भोकं पाडा, वाफ वर यायला वाट हवी.

झाकणाला सुती पंचा किंवा स्वच्छ टॉवेल गुंडाळा आणि टोकं वर घट्ट गाठ मारून बांधा, एकही टोक ज्योतीकडे लोंबता कामा नये. हा कपडा वाफेचं पाणी शोषतो, भातावर थेंब पडत नाहीत आणि शीत न् शीत मोकळं राहतं. मध्यम आचेवर आठ ते दहा मिनिटं, आतून चुरचुर आवाज यायला लागेपर्यंत. मग झाकण उचलून दोन चमचे वितळलेलं लोणी आणि पाव कप पाणी वरून शिंपडा, परत बंद करा, पातेल्याखाली लोखंडी तवा सरकवा आणि सर्वांत बारीक आचेवर पाऊण तास. मधे उघडून बघायचं नाही. भाजलेल्या पावासारखा वास येऊ लागला म्हणजे तळ तयार होत आलाय. करपट छटा जाणवली तर ताबडतोब बंद करा.

काढताना सिंकमध्ये बोटभर गार पाणी घेऊन पातेल्याचं बूड त्यात मिनिटभर टेकवा, चर्र आवाज येईल आणि तळ सुटेल. वरच्या दोन वाट्या भात काढून उरलेल्या केशराच्या पाण्यात रंगवून बाजूला ठेवा. मोठं ताट पातेल्यावर पालथं धरून एका झटक्यात उलटा. सोनेरी टोपी अख्खी आली तर उत्तमच. तुटली तर तुकडे वेगळ्या ताटलीत काढा. इराणमध्येही कितीतरी घरी ती तुकड्यांतच वाढतात आणि शेवटच्या तुकड्यावरून भांडणं होतात. पहिल्यांदाच करताना धाकधूक वाटत असेल तर दही-भाताऐवजी तळाला पातळ पोळी किंवा बटाट्याच्या चकत्या अंथरा. याही तिथल्या रूढ पद्धती आहेत आणि हमखास सुटतात.

बाजू आणि वाढणं

काकडीचं दही: अर्धा किलो दही फडक्यात बांधून दोन तास टांगा, त्यात किसून पिळलेली काकडी, मीठ, चमचाभर चुरलेला सुका पुदिना, थोडे अक्रोड आणि मनुका. साखर नाही, फोडणी नाही. शिराझी सलाड म्हणजे काकडी, टोमॅटो, कांदा अगदी बारीक, एकसारखे चिरून लिंबू, मीठ, ऑलिव्ह तेल आणि पुन्हा सुका पुदिना. दाण्याच्या कुटाचा मोह टाळा. ही गार बाजू उगीच नाही. आपल्यासारखंच इराणी घरांतही पदार्थांचा उष्ण-थंड स्वभाव मानतात. अक्रोड उष्ण, डाळिंब आणि काकडी-दही थंड.

दिवसाचा हिशेब जेवायच्या वेळेपासून उलटा करा. आठला बसायचं असेल तर साडेपाचला तांदूळ भिजत घाला, पावणेसातला उकळा, सातला पातेलं वाफेवर. सलाड साडेसातला चिरा, आधी चिरलं तर पाणी सुटतं. फेसेन्जान त्याच वेळी बारीक आचेवर गरम करा, फार दाटलं असेल तर अर्धा कप गरम पाणी घाला.

सगळं एकदमच टेबलावर मांडतात: भाताचा ढीग, वर केशरी शितं, तहदीग वेगळी, कालवण खोल बाउलमध्ये. खायला चमचा आणि काटा. आधी भात घ्यायचा, त्यावर थोडं थोडं कालवण. पहिली तहदीग ज्याचा वाढदिवस त्याला, एवढा नियम आम्ही आमच्याकडून जोडला. जेवणानंतर बिनदुधाचा चहा आणि खडीसाखर, खडा दातांत धरून वरून चहा प्यायचा.

उरलेलं फेसेन्जान फ्रिजमध्ये तीन दिवस उत्तम राहतं. भात त्याच रात्री फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून झाकून वाफवा. तहदीग मात्र परत कुरकुरीत होत नाही, ती त्याच रात्री संपवा.